नाकाला तोच प्रश्न दोनदा विचारला तर?

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या घरात पहिल्या रात्री आरतीइतक्याच शिंका ऐकू येतात. वर्षभर बंद असलेलं घर उघडलेलं असतं, माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या खाली काढलेल्या असतात, भिंतीला ओल आणि कपाटाला बुरशीचा वास. सकाळपर्यंत दोघातिघांची नाकं लाल. कोणी म्हणतं पाणी बदललं, कोणी म्हणतं मुंबईला एसीची सवय झालीय. पुढे भाताच्या झोडणीला पेंढ्याची धूळ उडाली की पुन्हा तेच, आणि पौष-माघात आंबा मोहोरला की ‘मोहोर बाधला’ म्हणून तिसरी फेरी.

मग मेडिकलमधून गोळी येते. नाहीतर नाकात मारायचा स्प्रे. डब्यावर लिहिलेलं असतं की ॲलर्जीच्या सर्दीवर गुणकारी. हे ‘गुणकारी’ कोणी, कसं मोजलं असेल? ताप असेल तर थर्मामीटर लावता येतो, साखर असेल तर रक्त काढता येतं. शिंकेचं काय करायचं? एकाच माणसाला सोमवारी वीस शिंका येतात, बुधवारी दोन. मंगळवारी त्याला औषध दिलं असेल तर श्रेय औषधाला द्यायचं की मंगळवारी पडलेल्या पावसाला?

ॲलर्जीच्या संशोधनातला हा जुना पेच आहे. त्यावर काढलेला तोडगा ऐकायला थोडा आडमुठा वाटतो: ज्याची ॲलर्जी आहे तीच वस्तू, मोजून-मापून, मुद्दाम माणसाच्या नाकात सोडायची. पण त्या तोडग्यालाही एक परीक्षा द्यावी लागते, आणि हा लेख मुख्यतः त्या परीक्षेबद्दल आहे.

आधी नाकात काय होतं ते

परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशीचे कण या तशा निरुपद्रवी गोष्टी. काहींचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं. मिनिटाभरात खाज, मग शिंकांची माळ, मग पाण्यासारखं वाहणारं नाक, आणि पंधरा-वीस मिनिटांत नाक चोंदून बसतं. ज्या कणामुळे हे घडतं त्याला ॲलर्जन म्हणतात.

काहींच्या बाबतीत गोष्ट इथे संपत नाही. चार-सहा तासांनी दुसरी लाट येते. तोवर दुसऱ्या पेशी जमा झालेल्या असतात, अस्तर सुजतं, आणि सकाळी झाडलोट केलेल्याचं नाक संध्याकाळी बंद पडतं. म्हणून ‘आत्ता तर मी धुळीत गेलोच नव्हतो’ हा युक्तिवाद नाकाला मान्य नसतो.

ॲलर्जी मुद्दाम घडवायची

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःला हा त्रास होता. उन्हाळ्यातल्या या सर्दीचं कारण ऊन की धूळ की ओझोन, यावर त्या काळी वाद चालत. ब्लॅकलींनी गवताचे परागकण जमवले आणि गवत फुलण्याचा हंगाम नसताना स्वतःच्याच नाकात घातले. त्रास सुरू झाला. पुढे जाऊन त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून वर सोडल्या आणि उंचावरच्या हवेतही पराग असतात हे दाखवलं. त्यांचं पुस्तक १८७३ साली आलं. माझ्या मते यातली मेख पतंगात नाही, ‘हंगाम नसताना’ या दोन शब्दांत आहे. हवेत दुसरं काहीच नसताना एकच गोष्ट नाकात घातली, म्हणून उत्तर स्वच्छ मिळालं.

आजची पद्धत त्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे. तिला नेझल ॲलर्जन चॅलेंज म्हणतात. आपण नुसतं चॅलेंज म्हणू. माणूस दवाखान्यात येतो आणि आधी पंधरा-वीस मिनिटं नुसता बसून राहतो, कारण बाहेरच्या उन्हातून आलेलं नाक आणि खोलीच्या हवेला सरावलेलं नाक वेगळं वागतं. मग दोन्ही नाकपुड्यांत ॲलर्जन नसलेलं साधं द्रावण मारतात. त्यानेच शिंका आल्या तर त्या नाकाला कशाचंही निमित्त पुरतं, आणि चाचणी तिथेच थांबते. त्यानंतर ॲलर्जनचा फवारा, प्रत्येक नाकपुडीत साधारण ०.१ मिलिलिटर, म्हणजे एका-दोन थेंबांइतका. काही ठिकाणी एकच ठरलेला डोस देतात, काही ठिकाणी अगदी पातळ द्रावणापासून चढत जातात आणि नाक कुठल्या पायरीला बोंब मारतं ते पाहतात.

मग घड्याळ लावून मोजणी. नाक वाहणं, चोंदणं, खाज आणि शिंका या चार तक्रारींना रुग्ण स्वतः ० ते ३ गुण देतो. एकूण १२. फक्त त्याच्या शब्दावर न राहता यंत्रंही लावतात. तोंडा-नाकावर मुखवटा धरून, तोंड मिटून, जिवाच्या आकांताने नाकाने श्वास आत ओढायचा. मिनिटाला किती लिटर या वेगाने हवा आत गेली ते मीटरवर दिसतं. तीनदा ओढायचा, सर्वांत जास्त आकडा धरायचा. शिंका बाजूला बसलेली परिचारिका मोजते. आणि टिश्यू पेपर आधी कोरा तोलून ठेवतात, नाक पुसल्यावर पुन्हा तोलतात: फरक जितके ग्रॅम, तितकं नाक वाहिलं. कामाचं स्वरूप पाहता शास्त्राची ही शाखा फारशी दिमाखदार नाही.

काटा आधी तपासा

आता मूळ प्रश्न. हर्णैच्या बंदरावर तुम्ही सुरमई घेतलीत. काट्यावर एक किलो दोनशे भरली. शंका आली म्हणून तोच मासा त्याच काट्यावर लगेच पुन्हा ठेवायला लावलात आणि या वेळी नऊशे भरली. मासा तोच आहे. तेव्हा त्या काट्यावर दिवसभरात जे काही तोललं गेलं, त्यातलं एकही वजन तुम्ही खरं मानणार नाही.

चॅलेंज हा संशोधकाचा काटा आहे. त्यावर नवं औषध तोलण्याआधी विचारावं लागतं: औषध न देता, त्याच माणसाला, त्याच ॲलर्जनचा तोच डोस काही आठवड्यांनी पुन्हा दिला, तर उत्तर तेच येतं का? यालाच चाचणीची विश्वासार्हता तपासणं म्हणतात. बातमीत हा भाग कधी येत नाही, कारण त्यात कोणी बरं होत नाही. पण नंतरच्या सगळ्या दाव्यांचा पाया तोच असतो.

हे तपासताना एक फसगत हमखास होते. समजा चौघांचे पहिल्या चॅलेंजचे गुण ९, ७, ६ आणि ४ आले. महिन्याने पुन्हा केलं तर ७, ५, ४ आणि २. ज्याला जास्त त्रास होता त्यालाच पुन्हा जास्त, क्रम अगदी तोच. दोन मोजमापं किती जोडीने वर-खाली होतात हे सांगणारा सांख्यिकीतला सहसंबंधाचा आकडा इथे पूर्ण १, म्हणजे जास्तीत जास्त, येईल आणि कोणीही खुशाल लिहील की चाचणी उत्तम जुळते. प्रत्यक्षात प्रत्येकाचे दोन गुण घसरले आहेत. मधल्या महिन्यात त्यांना गोळी दिली असती, तर हे दोन गुण गोळीच्या खात्यावर जमा झाले असते.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश सांख्यिकी तज्ज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच दाखवून दिलं आणि एक साधी रीत सुचवली. दोन मोजमापांतला फरक प्रत्येक माणसासाठी काढा. फरकांची सरासरी शून्याच्या जवळ आहे का पाहा, आणि ते फरक किती पसरलेत ते पाहा. सरासरी शून्यापासून लांब असेल तर काटा एका बाजूला झुकतोय. पसारा मोठा असेल तर काटा डळमळतोय. दोन वेगळे आजार, दोन वेगळे इलाज.

डळमळण्याची किंमत रोख मोजावी लागते. एकाच माणसाच्या मोजमापांतली ही अस्थिरता दुप्पट झाली, तर औषधाचा तोच परिणाम ओळखायला चौपट माणसं लागतात. २५ जणांत होणारं काम १०० जणांवर जातं. म्हणजे चौपट पैसा, आणि कदाचित काहीच फायदा नसलेल्या औषधासाठी चौपट लोकांच्या नाकाला त्रास.

नाक दर वेळी वेगळं का बोलतं

बंदरावरचा काटा आणि नाक यांत एक मोठा फरक आहे. मासा तोलल्याने काटा बदलत नाही. चॅलेंज केल्याने नाक बदलतं.

एकदा ॲलर्जन पोटभर मिळालं की पुढचे काही दिवस नाक जास्त हळवं होतं. आदल्या वेळी ज्या डोसला ते गप्प बसलं होतं त्याच्या थोड्याशा अंशानेही शिंकू लागतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॉनेल या संशोधकांनी हे परागकण वापरून दाखवलं होतं. भाताच्या झोडणीच्या पहिल्या दिवशी ज्याला काही होत नाही तो चौथ्या दिवशी नुसता खळ्यात उभा राहिला तरी हैराण होतो, त्याचंही कारण बहुधा हेच. त्यामुळे दोन चॅलेंजमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. फार जास्त ठेवलं तर ऋतूच बदलतो.

दुसरी गंमत प्रत्येकाने अनुभवलेली, पण फारशी लक्षात न आलेली. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकसारख्या उघड्या नसतात. काही तास डावी मोकळी आणि उजवी किंचित चोंदलेली, मग अदलाबदल. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ सालीच याचं वर्णन केलं आहे. पहिल्या वेळी सकाळी उजवी नाकपुडी मोजली आणि दुसऱ्या वेळी दुपारी तीच मोजली, तर ॲलर्जीचा संबंध नसतानाही फरक दिसेल. म्हणून दोन्ही बाजूंना फवारा, दोन्ही बाजूंची बेरीज आणि दिवसाची तीच वेळ.

तिसरी भानगड बाटलीतली. ॲलर्जन म्हणजे शेवटी प्रथिनं. फार पातळ केली की ती बाटलीच्याच आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि द्रावणात उरतच नाहीत. म्हणून त्यात अल्ब्युमिनसारखं दुसरं प्रथिन टिकवण्यासाठी घालतात. फ्रिजबाहेर राहिली तर जोर उतरतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजण्याची एककं वेगळी, त्यामुळे एकीची ‘१००० युनिट’ आणि दुसरीची ‘१००० युनिट’ यांचा एकमेकींशी काही संबंध असेलच असं नाही. वर मांडलेल्या उदाहरणात चौघांचेही दोन-दोन गुण उतरले होते; महिनाभर शिळी झालेली बाटली हे त्याचं एक अगदी साधं कारण असू शकतं.

शिवाय माणूसही बदलतो. पहिल्या वेळी नाकात काय मारणार या धास्तीने तो ३ गुण देतो, दुसऱ्या वेळी सरावलेला असतो. म्हणून यंत्रांचे आकडे आणि त्याचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहतात. ते दोन्ही नेहमी जुळतात असं नाही. नाक मोजमापाने मोकळं असूनही माणसाला ते चोंदलेलं वाटू शकतं, आणि माझ्या दृष्टीने औषध शेवटी त्या वाटण्यासाठीच आहे, तेव्हा यंत्राला डोक्यावर बसवण्यात अर्थ नाही.

युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या सगळ्याची एकसारखी पद्धत सुचवणारं निवेदन काढलं. एवढ्या जुन्या चाचणीला एकवाक्यता यायला इतकी वर्षं लागली, यावरूनच तिचा हट्टी स्वभाव कळावा.

पण डॉक्टर हातावर टोचून सांगतात की

सांगतात, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. हातावर ॲलर्जनचे थेंब ठेवून टोचायचं, पंधरा मिनिटांत गांधी उठते का पाहायचं. ही चाचणी स्वस्त आहे आणि पुन्हा केली तरी बरीचशी तीच उत्तरं देते. अडचण अशी की ती त्वचेला प्रश्न विचारते. गांधी उठली तरी नाकाला त्या वस्तूचं काही वाटत नाही, असे लोक असतात. उलटंही असतं. स्पेनमध्ये मालागाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा केला ज्यांची त्वचा आणि रक्त दोन्ही ‘ॲलर्जी नाही’ म्हणत होते, आणि चॅलेंज केल्यावर नाक मात्र स्पष्ट ‘आहे’ म्हणालं. अशा रुग्णाचं निदान एकट्या चॅलेंजवर उभं असतं. तेच डळमळीत असेल तर त्याच्या कपाळी वर्षानुवर्षांची औषधं उगाच लागतील, किंवा खरा आजार ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवला जाईल.

औषधांच्या बाबतीतही असेच निवाडे या काट्यावर होतात. गवताच्या परागांच्या ॲलर्जीवर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा इलाज आहे, साधारण तीन वर्षांचा. दोन वर्षांत भागेल का? लंडनमध्ये १०६ जणांवर हे तपासलं गेलं आणि २०१७ साली अहवाल आला. निकालाचा मुख्य मापदंड होता चॅलेंजनंतरचे नाकाचे गुण. दोन वर्षं इलाज आणि एक वर्ष थांबून पाहिलं, तर गोळ्या घेतलेले आणि नुसत्या दिखाव्याच्या गोळ्या घेतलेले यांच्यात फरक राहिलेला नव्हता. तिसरं वर्ष अर्धवट सोडणाऱ्यांना हा निकाल दाखवण्याजोगा आहे.

युरोपातलं नाक आणि कोकणातलं नाक

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. वरच्या बहुतेक पद्धती अशा देशांत घडल्या जिथे गवत ठरावीक महिन्यांत फुलतं आणि हिवाळ्यात नाक शांत असतं. ब्लॅकलींना जो रिकामा हंगाम मिळाला तो आपल्याकडे कुठे आहे?

आपल्या घरांतला मोठा संशयित म्हणजे धुळीतला किडा. डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. तो चावत नाही; आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर गादीत, उशीत जगतो, आणि त्याच्या विष्ठेतली प्रथिनं नाकाला झोंबतात. घराच्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा किडा आहे हे १९६४ साली हॉलंडमध्ये लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. तो पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता अंगात ओढून घेतो, म्हणून कोरड्या हवेत मरतो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि समुद्रकाठी वैशाखातही हवा ओलसरच. त्याला याहून चांगलं गाव मिळणार नाही.

याचा परिणाम सरळ काट्यावर होतो. ज्याला या किड्याची ॲलर्जी आहे त्याचं नाक रोज रात्री उशीवर थोडंथोडं चॅलेंज घेतच असतं. तो दवाखान्यात येतो तेव्हाच त्याचे गुण ५ असतात. कमाल १२, म्हणजे चढायला ७ च उरले. गुण आधीच जास्त असतील तर चाचणी पुढे ढकलावी असा सर्वसाधारण नियम आहे, आणि श्रावणात तो काटेकोर पाळला तर परत पाठवावे लागणारे बरेच निघतील. बरं, आषाढात पहिलं चॅलेंज आणि कोरड्या पौषात दुसरं केलं तर ते दोन वेगळ्या नाकांचं मोजमाप ठरेल.

आणखी एक. उष्ण-दमट मुलखांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाचा दुसरा किडाही असतो. बाटलीत युरोपातल्या घरांतला किडा आणि रुग्णाच्या गादीत हा दुसरा, असं झालं तर नाक पहिल्यांदा ‘नाही’ म्हणेल आणि दुसऱ्यांदाही ‘नाही’च म्हणेल. उत्तर दोन्ही वेळा जुळलं, आणि दोन्ही वेळा चुकलं. दर माशाला शंभर ग्रॅम कमी दाखवणारा काटा कितीही वेळा तपासला तरी जुळतोच की. म्हणून विश्वासार्हता ही पहिली पायरी झाली; काटा खरा आहे का हे वेगळं तपासावं लागतं, आणि त्यासाठी इथल्या घरांतली धूळ, इथली बुरशी, इथलं गवत यांचीच द्रावणं लागतात.

मग मोहोराने होतं ते काय?

या प्रश्नावर बागायतदारांशी वाद घालायला जीभ कचरते, पण आंब्याचे पराग मुख्यतः माश्या आणि इतर कीटक वाहून नेतात. वाऱ्यावर लांबवर उडणाऱ्या गवताच्या परागांसारखे ते नाहीत. त्याच दिवसांत बागांत फवारण्या चालू असतात, सकाळी दव आणि दुपारी ऊन असतं, आणि मोहोराचा वास तर असतोच. तीव्र वासाने किंवा फवारणीने नाक चिडणं हा निराळा प्रकार आहे. त्यात आयजीईचा संबंध नसतो आणि ॲलर्जीच्या गोळीने फारसा फरकही पडत नाही. मोहोराजवळ शिंकणाऱ्यांत काही जण खरोखर परागांचे बळी असतील, झाडाखालीच काम करणारे विशेषतः. कोण कुठल्या गटात, हे सांगायला चॅलेंजच कामी येईल: एका दिवशी परागांचं द्रावण, दुसऱ्या दिवशी साधं, आणि कुठल्या दिवशी काय ते ना रुग्णाला माहीत ना मोजणाऱ्याला.

हे घरी करून पाहावं का?

अजिबात नाही. चॅलेंजमध्ये डोस ठरलेला असतो, दम्याचा जोर असलेल्यांना घेतच नाहीत, आणि कोणाला दम लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर हाताशी ॲड्रेनॅलिनचं तातडीचं इंजेक्शन आणि डॉक्टर असतात. गादी झटकून ‘बघू काय होतं’ म्हणण्यात यातलं काहीच नसतं. माणसांवर असं करणं योग्य आहे का, हाही प्रश्न रास्त आहे. लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी याशिवाय ते होत नाही. आणि ज्या काट्याची विश्वासार्हता तपासलेलीच नाही त्यावर शेकडो लोकांना शिंकायला लावणं ही त्याहून मोठी अनीती, असं मी म्हणेन.

कधी अशा चाचणीला जायची वेळ आलीच तर आधी काही औषधं बंद करावी लागतात. ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस, स्टेरॉइडचे स्प्रे त्याहून जास्त. नेमकं किती ते डॉक्टर सांगतात. त्या यादीत लोक हमखास विसरतात ते चोंदलेलं नाक झटक्यात मोकळं करणारे, चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब. ते सलग आठवड्याहून जास्त घातले तर उलट त्यांच्यामुळेच नाक चोंदतं, आणि अशा नाकावर केलेली कुठलीही मोजणी फुकट जाते. उशाशी ठेवलेली ती छोटी बाटली डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.